दरोडेखोराचा साहेब

१९८६च्या ऑक्टोबरात लागोसमध्ये लष्करी सरकारची एक बैठक आटोपली. राष्ट्राध्यक्ष जनरल इब्राहिम बाबांगिडा पोलीसप्रमुख एतिम इनयांग यांच्याकडे वळले आणि त्यांनी विचारले, "मित्रा, अनिनी कुठे आहे?" इनयांग यांच्यापाशी उत्तर नव्हते. प्रश्न वर्तमानपत्रांत छापून आला आणि बघता बघता साऱ्या नायजेरियाच्या तोंडी बसला. पुढे कितीतरी वर्षे, एखादी गोष्ट सापडेनाशी झाली की लोक हेच वाक्य गमतीने म्हणत.

ज्याच्याबद्दल हे विचारले जात होते तो लॉरेन्स अनिनी जेमतेम पंचविशी ओलांडलेला, कामापुरतेही धड इंग्रजी न येणारा, एके काळी टॅक्सी चालवणारा माणूस होता. त्याच्यामागे पक्ष नव्हता, टोळी डझनभर माणसांचीही असेल-नसेल. समोर लष्करी राजवट, तिचे रणगाडे, तिची फौज आणि अख्ख्या देशाचे पोलीस खाते. तरी तीन महिने बेनिन सिटी हे शहर अंधार पडायच्या आत दारे लावून बसत होते. हे कसे झाले, याचे एक उत्तर तेव्हा सरकारने दिले: अनिनी क्रूर होता. ते खरेच होते. पण त्या उत्तराने सरकारची सोयही झाली. अनिनी कुठे आहे हे ज्या खात्याला विचारले जात होते, त्याच खात्यात त्याला चांगले ओळखणारी माणसे गणवेश घालून बसली होती.

बेनिन सिटी म्हटले की बाहेरच्या जगाला ब्राँझचे मुखवटे आणि पट्ट्या आठवतात. १८९७मध्ये ब्रिटिश फौजेने राजवाडा जाळून त्या लुटून नेल्या आणि त्या युरोपच्या संग्रहालयांत जाऊन बसल्या. (शेजारी बेनिन नावाचा देश आहे, त्याच्याशी या शहराचा संबंध जोडू नये. त्या देशाने हे नाव १९७५मध्ये घेतले.) पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेनिन सिटीचे महत्त्व मुखवट्यांपेक्षा रस्त्यांमुळे अधिक होते. पश्चिमेला लागोस, पूर्वेला नायजर नदीवरचे ओनित्शा, दक्षिणेला सापेले आणि वारी ही तेलाच्या पट्ट्यातली बंदरे, उत्तरेला औची. पश्चिमेच्या योरुबा मुलखातून पूर्वेच्या इग्बो मुलखात जाणारा ट्रक असो की बस, तिला बेनिन ओलांडल्याशिवाय गत्यंतर नसे. तेव्हाच्या बेंडेल राज्याची ही राजधानी. शहराच्या मधोमध ओबाच्या, म्हणजे बेनिनच्या राजाच्या, राजवाड्यासमोर रिंग रोडचा मोठा चौक, आणि तिथून चारी दिशांना फुटलेले महामार्ग. दरोडेखोराला याहून सोयीचे गाव शोधून सापडले नसते.

त्या रस्त्यांवर बंदुका आल्या त्या यादवी युद्धामुळे. ऑगस्ट १९६७मध्ये पूर्वेकडच्या फुटीर बियाफ्राच्या सैन्याने बेनिन घेतले आणि सप्टेंबरात केंद्राच्या सैन्याने परत जिंकले. जानेवारी १९७०मध्ये युद्ध संपले, सैनिक घरी गेले, बंदुका मात्र सगळ्या परत गेल्या नाहीत. त्याच वर्षी लष्करी सरकारने दरोडा आणि शस्त्रास्त्रांविषयीचा वटहुकूम काढला. हत्यार घेऊन दरोडा घातला की मृत्युदंड, आणि तोही गोळ्या घालून, लोकांदेखत. १९७१मध्ये लागोसच्या बार बीचवर हे सुरू झाले. किनाऱ्यावर वाळूत खांब रोवलेले, हजारो माणसे जमलेली, फेरीवाले खाण्याचे जिन्नस विकत फिरत असलेले. ईशोला ओयेनुसी नावाच्या कुप्रसिद्ध दरोडेखोराला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिथे गोळ्या घातल्या तेव्हाची गर्दी तीस हजारांच्या घरात होती असे सांगतात. लोकांनी या प्रकाराला 'बार बीच शो' असे नावच पाडले. पुढे १९८४च्या वटहुकुमाने दरोड्याचे खटले विशेष न्यायाधिकरणांकडे दिले. तिथल्या निकालावर अपील नाही, शिक्षा कायम करायचा अधिकार राज्याच्या लष्करी राज्यपालाकडे.

शिक्षा कडक केली की गुन्हे कमी होतात, हा समज सगळ्याच देशांत असतो. नायजेरियात त्याने उलटाच परिणाम केला. लोक हा वटहुकूम केवळ कठोर म्हणून वाचत असतील, पण पोलीस ठाण्यातल्या माणसाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय होता? पूर्वी केस डायरीतले एक पान गहाळ केले तर गुन्हेगाराची दोन वर्षांची कैद वाचे. आता त्याच पानाने जीव वाचू लागला. विकायचा माल तोच, भाव कितीतरी पटींनी वाढला. अपील नसल्यामुळे तपास करणाराच जवळजवळ शेवटचा न्यायाधीश झाला. साक्षीदार कोण, मुद्देमालात बंदूक दाखवायची की नाही, आरोपीला कोणत्या कलमाखाली घालायचे, हे सगळे न्यायाधिकरणापुढे जाण्याआधीच ठरे. दुसरीकडे दरोडेखोराचा हिशेबही बदलला. साध्या दरोड्यालाही गोळीचा खांब आणि खुनालाही तोच, तर मग साक्षीदार जिवंत कशाला ठेवायचा?

अनिनी बेनिनपासून काही मैलांवरच्या खेड्यात १९६०च्या सुमारास जन्मला. शाळा अर्धवट सोडून शहरात आला, गाडी चालवायला शिकला आणि टॅक्सीवर लागला. त्याचे खरे शिक्षण झाले मोटार पार्कात. नायजेरियाचे मोटार पार्क म्हणजे आपल्याकडच्या वडापच्या थांब्याचे शंभरपट मोठे, शंभरपट उग्र रूप. बसेस, टॅक्सी, प्रवासी ओरडून गोळा करणारी पोरे, नंबर लावण्यावरून मारामाऱ्या, युनियनची वसुली, आणि या सगळ्यावर आपला वाटा घेणारा पोलीस. कुणाची गाडी आधी सुटणार हे तिथे दांडगाई ठरवते. अनिनी या दांडगाईत तरबेज होता. पुढे तो चोरांच्या टोळ्यांची गाडी चालवू लागला. रस्ते पाठ, हात बसलेला, डोके थंड. आणि मग स्वतःची टोळी काढली. मंडे ओसुनबोर हा त्याचा उजवा हात. सुरुवात मोटारी पळवण्यापासून झाली, मग महामार्गावरच्या बसेस, मग बँका.

मोटार म्हणजे प्यूजो ५०४. हे नाव वाचताना त्या काळाच्या नायजेरियन माणसाच्या डोळ्यासमोर अख्खे दशक उभे राहते. १९७५पासून काडुना येथे या गाड्यांची जुळणी होऊ लागली. तेलाच्या पैशाने फुगलेल्या सरकारने त्या खात्याखात्यांना वाटल्या. मंत्री त्यातून फिरे, पोलीस अधिकारी त्यातून फिरे, लांब पल्ल्याची टॅक्सीही तीच, आणि पळून जायला दरोडेखोराला हवी असे तीही तीच. रात्री मागून ५०४चे दिवे आले की आत साहेब आहे की चोर, हे ओळखायची सोय नव्हती.

तेलाचा तो पैसा १९८६मध्ये आटला. जागतिक बाजारात तेलाचा भाव काही महिन्यांत निम्म्याहून खाली आला. बाबांगिडांनी आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम जाहीर केला, आणि सप्टेंबरअखेर परकीय चलनाचा नवा बाजार उघडला. वर्षाच्या सुरुवातीला साधारण एका नायराला एक डॉलर मिळत होता, तिथे आता डॉलरला चार नायरांहून अधिक मोजावे लागले. पगारदाराचा पगार कागदावर तेवढाच राहिला. त्या पगारदारांत पोलीस शिपाईही आला. गरिबीने माणूस चोर होतो, या सुलभ सूत्राची मला फारशी खात्री नाही. लाखो गरीब नायजेरियन त्या वर्षी चोर झाले नाहीत. पण ज्या माणसाच्या हाती आधीच विकण्याजोगे काही आहे, त्याला ते विकण्याची निकड अशा वर्षी वाढते, एवढे म्हणता येईल.

आता जॉर्ज इयामू. हा बेंडेल पोलिसांतला डेप्युटी सुपरिटेंडंट, गुन्हे शाखेतला वजनदार अधिकारी. ज्याने दरोडेखोरांना पकडायचे तो हा. पुढे खटल्यात जे बाहेर आले त्यानुसार त्याने अनिनीच्या टोळीला शस्त्रे पुरवली, पोलिसांच्या हालचालींची आगाऊ खबर दिली, आणि लुटीतला वाटा घेतला. तो एकटा नव्हता. खालचे आणखी काही पोलीसही याच व्यवहारात होते.

या व्यवहाराचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे, कारण याला 'हप्ता' म्हणून मोकळे होता येत नाही. हप्त्यात पोलीस डोळे मिटतो. इथे पोलिसाचे डोळे उघडे होते आणि ते टोळीला भाड्याने दिलेले होते. आज रात्री नाकाबंदी कुठे, गस्तीची गाडी कोणत्या रस्त्याला, कोणता खबऱ्या काय सांगून गेला, हे कळणे बंदुकीहून मोलाचे. बंदूक बाजारात मिळते, ही माहिती एकाच दुकानात मिळते. टोळीचा माणूस पकडला गेला तर पुरावा विरून जाईल, हा तर या व्यवहाराचा विमाच होता. ज्या दरोडेखोराचा साहेब ठाण्यात बसलेला आहे, तो दुसऱ्या दरोडेखोरापेक्षा वेगाने मोठा होतो. शहराला भीती वाटते ती त्याच्या शौर्याची, पण त्यातले निम्मे शौर्य उसने असते.

विमा एकदा बुडाला. १९८६च्या सुरुवातीला अनिनीच्या टोळीतली दोन माणसे पकडली गेली. आधी ठरल्याप्रमाणे त्यांच्याविरुद्धचा पुरावा नष्ट व्हायचा होता. तो झाला नाही. खटला चालला आणि दोघांना शिक्षा झाली. कुणी पलटी खाल्ली, की वरून दडपण आले, की देण्याघेण्यात काही कमी पडले, यावर बेनिनमध्ये तर्क बरेच चालले. अनिनीने मात्र याचा एकच अर्थ लावला: पोलिसांनी शब्द मोडला. तिथून त्याचे गुन्हे बदलले. आधी तो पैशासाठी पोलिसांना चुकवत होता, आता पोलिसांना शोधू लागला.

ऑगस्टमध्ये एका बँकेवरच्या दरोड्यात पोलीस आणि सामान्य माणसे मारली गेली. त्याच महिन्यात नाक्यावर गाडी अडवायला पुढे झालेल्या दोन पोलिसांना गोळ्या घातल्या. ६ सप्टेंबरला टोळीने एक प्यूजो ५०४ पळवली. ती ख्रिस्तोफर ओमेबेन या बड्या पोलीस अधिकाऱ्याची निघाली. गाडीबरोबर चालकही नाहीसा झाला. तीन महिन्यांनी बेनिन-अग्बोर रस्त्यालगत त्याचा सांगाडा मिळाला. आफ्रिकन कॉन्टिनेन्टल बँकेची एक शाखाही लुटली गेली. रक्कम सुमारे ४६ हजार नायरा. आणि १ ऑक्टोबरला, नायजेरियाच्या स्वातंत्र्यदिनी, टोळीने थेट राज्याचे पोलीस आयुक्त कॅसिमिर इग्बोक्वे यांच्यावर गोळीबार केला. ते जखमी झाले, पण वाचले. तीन महिन्यांत मारलेल्या पोलिसांची संख्या नऊपर्यंत गेली असे सांगितले जाते.

अशा वेळी जे होते ते झाले. शहरात आख्यायिका पिकल्या. अनिनी गोळी लागत नाही असा ताईत बांधतो, भिंतीतून निघून जातो, एकाच रात्री दोन गावांत दिसतो. लोक त्याला 'द लॉ' म्हणत, म्हणजे कायदा. त्याने बाजारात नोटा उधळल्याच्या बातम्या आल्या, त्याच्या नावाची पत्रे वृत्तपत्रांकडे पोहोचली, आणि त्यांत गरिबांचा कैवारी असल्याची भाषा होती. गरिबांचा कैवार त्याने कधी घेतल्याचे दिसत नाही. त्याच्या गोळ्यांना बळी पडलेल्यांत शिपाई होते, चालक होते, बँकेत रांगेत उभे असलेले लोक होते. पण ताईताच्या गोष्टीवर शहराचा विश्वास का बसला, हे मला समजू शकते. धाड पडते आणि तो आधीच निघून गेलेला असतो. नाकाबंदी असते आणि तो दुसऱ्याच रस्त्याने येतो. साध्या नागरिकाला यामागचे कारण दिसत नव्हते. जादू हे त्याला सुचलेले कारण होते, आणि इयामूपेक्षा जादूवर विश्वास ठेवणे बहुधा कमी भीतीचेही होते.

त्याच ऑक्टोबरात आणखी एक गोष्ट घडली, जिची सावली या कथेवर पडते. १९ तारखेला लागोसमध्ये 'न्यूजवॉच' साप्ताहिकाचे संपादक डेले गिवा यांच्या घरी एक पार्सल आले. ते फुटले आणि गिवा मारले गेले. या खुनाच्या तपासाची सूत्रे पुढे ज्यांच्याकडे आली ते अधिकारी म्हणजे ख्रिस्तोफर ओमेबेन, ज्यांची गाडी अनिनीने पळवली होती तेच. पार्सल कुणी पाठवले हे आजतागायत न्यायालयात शाबीत झालेले नाही. संशयाचे बोट सरकारच्याच गुप्तचर यंत्रणेकडे दाखवले गेले, यंत्रणेने ते नाकारले. एकाच महिन्यात दोन प्रश्न देशापुढे होते. त्यातला एक राष्ट्राध्यक्षाने स्वतः मोठ्याने विचारला.

विचारल्यावर यंत्रणा हलली. इनयांग यांची कारकीर्द त्याच वर्षी संपली, त्यांच्या जागी मुहम्मदू गांबो आले. बेनिनमध्ये बाहेरून पोलीस ओतले गेले, रस्त्यारस्त्यावर नाके बसले, घरोघर झडत्या झाल्या. इथेही सामान्य माणूसच भरडला गेला. नाका म्हणजे नायजेरियात नेहमीच दुहेरी गोष्ट असते. सुरक्षाही तिथेच आणि वसुलीही तिथेच. वीस वर्षांनंतरही महामार्गावरचा ट्रकवाला किंवा टॅक्सीवाला नाक्यावर काच खाली करून नोट पुढे करी, आणि शिपाई गाडीत काय आहे हे न पाहताच अडसर उचली. अशा अडसराखालून टोळी निघून गेली तर नवल कसले?

३ डिसेंबर १९८६ रोजी अनिनी सापडला, तो बेनिनमध्येच, ओयेम्वोसा स्ट्रीटवरच्या एका घरात. सुपरिटेंडंट कायोडे उआनरेरोरो यांच्या तुकडीने खबर मिळाल्यावर घर वेढले. धूर नाही, अंतर्धान नाही. त्याच्या पायात गोळ्या घातल्या आणि उचलून नेले. पाय पुढे कापावा लागला. तीन महिने ज्याच्यासाठी देश पालथा घातला तो माणूस शहरातच सापडला. ताईताची गोष्ट त्या दिवशी संपली, आणि खरी गोष्ट बाहेर येऊ लागली.

खटला न्यायमूर्ती जेम्स ओमो-अगेगे यांच्यापुढे चालला. अनिनीला चाकाच्या खुर्चीतून आणत. तो आणि ओसुनबोर बोलू लागले, मोडक्या पिजिन इंग्रजीत, पण नावानिशी. त्यात इयामूचे नाव आले. इयामूने सगळे नाकारले. अनिनीने त्याला निर्लज्ज खोटारडा म्हटले. एका दरोडेखोराने भर न्यायालयात पोलीस अधिकाऱ्याला खोटे बोलल्याबद्दल दूषण द्यावे, आणि श्रोत्यांनी दरोडेखोरावर विश्वास ठेवावा, यात बेनिनच्या त्या वर्षाची सगळी हकीकत आली. आणखी पोलिसांची नावे निघाली, काहींवर आरोप सिद्ध झाले.

२९ मार्च १९८७ रोजी अनिनी, ओसुनबोर, इयामू आणि इतरांना गोळ्या घालून मारण्यात आले. अटकेपासून चार महिनेही झाले नव्हते. पोलीस आणि चोर एकाच ओळीत उभे राहिले, म्हणून देशाने समाधान मानले. भ्रष्ट अधिकाऱ्यालाही सोडले नाही, असे सरकारला सांगता आले. पण या घाईत एक मोठी संधी हातची गेली असे मला वाटते. इयामूच्या वर कोण होते? त्याला शस्त्रे कोणत्या कोठारातून मिळत? इतकी वर्षे हे चालू असताना वार्षिक तपासण्या करणाऱ्यांना काय दिसले? अशा प्रश्नांना उत्तर देऊ शकणारा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे इयामू स्वतः. त्याच्याबरोबर ती उत्तरेही पुरली गेली. अमेरिकेतले अभ्यासक ओटविन मॅरेनिन यांनी त्याच वर्षी अनिनी प्रकरणावर एक निबंध लिहिला. एका दरोडेखोराभोवती उठलेल्या कल्लोळाचा राज्यसत्तेच्या विचारसरणीशी काय संबंध, हा त्यांचा विषय होता. देशात मात्र चर्चा अनिनीच्या ताईतावरच रेंगाळली. त्याच्यावर पुढे गाणी झाली, चित्रपट निघाले. इयामूवर चित्रपट काढावा असे कुणाला वाटले नाही.

बेनिनने एक धडा मात्र घेतला, आणि तो धडा देशाला महागात पडला. दरोडेखोरांशी लढायला नेहमीचे पोलीस नालायक, त्यासाठी वेगळी, मोकळ्या हाताची तुकडी हवी, असे ठरले. बेनिनच्या गुन्हे शाखेतल्या दरोडाविरोधी पथकाने पुढच्या काळात नाव कमावले. त्याचे प्रमुख सिमियन दानलादी मिडेंडा. १९९२मध्ये मिडेंडा लागोसला आले. त्या सप्टेंबरात लागोसच्या एका नाक्यावर पोलिसांच्या गोळीने कर्नल इस्राएल रिंदाम हे लष्करी अधिकारी मारले गेले. खवळलेले सैनिक पोलिसांना शोधत रस्त्यावर उतरले. पोलीस गणवेश उतरवून गायब झाले, नाके ओस पडले आणि चोरांना मोकळे रान मिळाले. या पोकळीत मिडेंडांनी मूठभर पोलिसांची गुप्त तुकडी बांधली. गणवेश नाही, गाडीवर पोलिसांची खूण नाही, वायरलेसवर बोलणे ऐकून हालचाल करायची. हीच ती स्पेशल अँटी-रॉबरी स्क्वॉड, संक्षेपाने 'सार्स'.

सुरुवातीला तिने कामही केले. पण गणवेश नसलेला, नावाची पट्टी नसलेला, बंदूक घेतलेला पोलीस रस्त्यात उभा राहिला तर तो पोलीस आहे हे कशावरून ओळखायचे? प्यूजो ५०४च्या दिव्यांचा तो जुना प्रश्न आता सरकारनेच निर्माण करून ठेवला. आणि पैशाचा मार्ग तोच राहिला. २००५मध्ये देशाचे माजी पोलीसप्रमुख ताफा बालोगुन यांनी आर्थिक गुन्ह्यांची कबुली दिली आणि त्यांना सहा महिन्यांची कैद झाली. दरोडेखोराला गोळी, पोलीसप्रमुखाला सहा महिने, ही तुलना तेव्हा नायजेरियात फार झाली. २०१०मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने पोलिसांतल्या भ्रष्टाचारावर सविस्तर अहवाल काढला. शिपायाने नाक्यावर गोळा केलेल्या पैशातला ठरलेला भाग वरच्याला, त्याने त्याच्या वरच्याला द्यायचा, अशी साखळी त्यात मांडली आहे. याला खात्यात 'रिटर्न्स' म्हणतात. ज्याला रोज वर रक्कम पोचवायची आहे त्याच्यासाठी प्रत्येक प्रवासी हा संभाव्य आरोपी असतो, आणि प्रत्येक आरोपी हे संभाव्य उत्पन्न. सार्सच्या हाती अशा व्यवस्थेत सगळ्यांत मोठा अधिकार होता, कारण त्यांच्या आरोपावर 'दरोडा' असा शिक्का बसे.

पुढे सार्सने ज्यांना पकडले त्यांत महागडा फोन किंवा लॅपटॉप जवळ असलेली तरुण मुले पुष्कळ. इंटरनेटवरचे फसवणूक करणारे म्हणून त्यांना उचलायचे, एटीएमपर्यंत न्यायचे, सोडायचे. काहींना सोडले नाही. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने जानेवारी २०१७ ते मे २०२० या काळातल्या छळाच्या आणि बेकायदा हत्यांच्या निदान ८२ घटना नोंदवल्या. छळविरोधी कायदा २०१७ मध्येच झाला होता.

ठिणगी पडली ती ३ ऑक्टोबर २०२० रोजी. उघेल्ली गावात एका तरुणाला सार्सच्या पोलिसांनी गोळी घातल्याची चित्रफीत पसरली. उघेल्ली आज डेल्टा राज्यात आहे. १९९१मध्ये बेंडेलचे एदो आणि डेल्टा असे दोन तुकडे झाले, त्याआधी ते इयामूच्याच राज्यातले गाव. काही दिवसांत देशभर तरुण रस्त्यावर आले. ११ ऑक्टोबरला सरकारने सार्स बरखास्त केली, आणि दोनच दिवसांनी 'स्वॉट' नावाची नवी तुकडी जाहीर केली. मोर्चातल्या मुलांना नाव बदलण्याचा अर्थ लगेच कळला. २० ऑक्टोबरच्या रात्री लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर सैनिकांनी जमावावर गोळीबार केला, त्याची वार्ता जगभर गेली.

त्याच्या आदल्या दिवशी, १९ ऑक्टोबरला, बेनिन सिटीत जमावाने दोन तुरुंग फोडले. सरकारी आकड्यानुसार १,९९३ कैदी निसटले. राज्यपाल गॉडविन ओबासेकी यांनी चोवीस तासांची संचारबंदी लावली. तुरुंग फोडणारे मोर्चातले नव्हतेच, असे मोर्चेवाले सांगत राहिले. निसटलेल्यांत खुनी आणि दरोडेखोर होते. पण नायजेरियाच्या तुरुंगांत दहांतले सुमारे सात जण खटल्याची वाट पाहणारे कच्चे कैदी असतात, त्यामुळे वर्षानुवर्षे न्यायालयाचे तोंड न पाहिलेलेही त्यांत पुष्कळ असणार. त्यांच्यावरच्या आरोपांचे कागद पोलिसांकडे होते. त्याच दिवशी शहरातली काही पोलीस ठाणीही जाळण्यात आली.